मोताळ्याच्या स्टँडवर सोडलेली बुलढाण्याची गाडी

एकाच आठवड्यात पोस्टमननं दोन पाकिटं आणून दिली आणि आमच्या घरातली शांतता गेली. एक अकोल्याच्या शेतकी कॉलेजातून, पदवीच्या मुलाखतीला या म्हणून. दुसरं बुलढाण्याहून, ग्रामसेविकांच्या प्रशिक्षणाला निवड व्हायची होती त्याचं. अकोला बुधवारी, बुलढाणा शुक्रवारी. महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी धामणगाव बढे इथली, शास्त्र विषय घेऊन मॅट्रिक झालेली, आणि मला शेतकी खात्यात नोकरी करायची होती. शेतात उभं राहून माणसांना बियाणं, खत, फवारणी सांगायची नोकरी. ग्रामसेविका झाले असते तरी सरकारी नोकरीच मिळाली असती, पण ती बालवाडीची, बिनधुराच्या चुलीची आणि महिला मंडळाची. कामं चांगली होती. माझी नव्हती.

गेल्या महिन्यात नातीला कॉलेज दाखवायला त्याच रस्त्यानं गेले. ती मोबाईलवर वीस कॉलेजांची पसंती भरत होती आणि मधेच म्हणाली, "आजी, तू कसं ठरवलं होतंस गं?" तिला गाडीत अर्धंच सांगून झालं. उरलेलं इथं लिहिते. तुमच्यापैकी कुणी मुलांना घेऊन त्या बाजूला निघालं असेल, तर रस्त्याची माहितीही होईल.

घरात मत सरळ होतं. माय म्हणायची, "बुलढाण्याचं घे. दीड-दोन वर्षांत नोकरी. घाट उतरला का घर." बाबा काहीच म्हणत नव्हते. बाबा शेती करायचे, कापूस आणि ज्वारी, पण आमच्या भागात त्यांचं नाव होतं ते बैलांसाठी. गोऱ्हे वाढवून, कामाला लावून विकायचे. त्यांच्या दावणीचा बैल म्हटलं की गिऱ्हाईक दात मोजत नसे. असा माणूस मला अकोल्याला न्यायला तयार झाला यातच मी खूश होते. जास्त विचारलं नाही. तिथंच चुकलं.

मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं निघालो. धामणगावहून मोताळा, मोताळ्याहून मलकापूर, तिथून पॅसेंजरनं अकोला. तेव्हा मोताळ्यापर्यंतचा रस्ता खडीचा होता आणि जुलैतल्या पावसानं खडीचाही चिखल झालेला. आता डांबरी आहे, गाडीनं कुठल्या कुठे पोहोचता. मायनं कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा आणि तेलाची छोटी बाटली बांधून दिली होती. कळण्याची भाकर म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली. ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, म्हणून प्रवासाला हीच न्यायची. कागदांची पिशवी बाबांच्या खांद्याला होती. आदल्या संध्याकाळी मीच ती भरली होती: गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, हेडमास्तरांच्या सहीच्या नकला, वरून कापडाची गुंडाळी. परगावी निघालं की कागद बापाच्या खांद्यावर, असा रिवाज होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मलकापूर स्टेशनवर दहा पैशांचा चहा प्यायलो. गाडीत खिडकी मिळाली. नांदुरा, जलंब, शेगाव, काळी सपाट जमीन, हातभर वाढलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. बाबा खिडकीतून दुसऱ्यांच्या शेतातले बैल पाहत होते. शेगावला एकानं कचोरीचं टोपलं डब्यात आणलं. ती जरूर खा, अजून मिळते, आणि गरमच घ्या. अकोल्यात आत्याकडे मुक्काम केला.

बुधवारी अकराला कॉलेजात. बाबांनी इमारतीकडे फारसं पाहिलं नाही. ते थेट मागच्या शेतावर गेले, कॉलेजच्या बैलांच्या मानेवरून हात फिरवला, जू घासून जखम झाली आहे का ते पाहिलं, आणि परत येऊन म्हणाले, "जनावर नीट ठेवलं हाये." माझ्यासाठी ते मोठं प्रशस्तिपत्र होतं. व्हरांड्यात साठ-सत्तर मुलं आणि मुलगी मी एकटी. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "हे कोणाची तरी बहीण असन." दुसरा म्हणाला, "नाई बे, तिच्या हातात पत्र हाये." मी पत्र आणखी वर धरलं.

आत तिघं बसले होते. मधल्या सरांनी टेबलावर ताटलीत बिया ठेवल्या होत्या. मूग, तूर, तीळ ओळखले. एक करडी, तिकोनी बी होती. मुलं तिथंच अडत होती म्हणे. मी म्हटलं, "अंबाडी." सर म्हणाले, "कशी ओळखली?" म्हटलं, "आमच्याकडे तिचे दोर वळतात. बाबा वळतात." ते हसले. मग विचारलं, गावोगाव फिरावं लागेल, पुरुषमंडळी ऐकतील का तुझं? मी म्हटलं, पीक चांगलं आलं तर ऐकतील. हे उत्तर मी घरून पाठ करून गेले होते, पण ते लागू पडलं. बाहेर आल्यावर अर्ध्या तासात यादी लागली आणि माझं नाव तिच्यात होतं. पहिलं वर्ष तयारीचं, मग पदवीचा अभ्यास.

मग कारकुनाच्या टेबलाशी गेलो. चष्मा लावलेले, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. म्हणाले, "मूळ दाखला द्या. शाळा सोडल्याचा." बाबांनी पिशवी पुढं केली. मी कापड सोडलं. गुणपत्रक निघालं, नकला निघाल्या. दाखला नव्हता. पुन्हा पाहिलं. पिशवी उलटी केली. एकेक कागद वेगळा करून झटकला.

"नकलेवर नाही का होणार?" मी विचारलं.

"नाही बाई. मूळ जमा झाल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. माझ्या हातात असतं तर दिला असता." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत आणून द्या. दोनला प्रतीक्षा यादी उघडते. त्यानंतर माझा इलाज नाही."

बाबा म्हणाले, "चाल. घरी पाहू."

तेवढंच. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग सगळा स्वतःवर. मीच भरली होती ना पिशवी. त्या दिवसाची गाडी उशिरा निघणार होती, आत्याच्या घरी सगळं उलथून पाहिलं, म्हणून निघायला गुरुवार उजाडला. मलकापूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी मनातल्या मनात मंगळवारचा अख्खा प्रवास पुन्हा केला. एस.टी.त बाबांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली होती का? चहाच्या वेळी मी गुणपत्रक काढून पाहिलं होतं, तेव्हा दाखला सरकला असेल? समोर बसलेली एक बाई खायला हरभऱ्याचे दाणे देत होती. मी घेतले नाहीत. बाबांनीही घेतले नाहीत. एरवी ते कुणाचं नाकारत नसत.

मलकापूरला उतरले ती थेट एस.टी. स्टँडवर गेले. कंट्रोलरच्या खिडकीशी उभी राहिले आणि विचारलं, मंगळवारच्या गाडीत काही कागद सापडला का. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, कुणी कंडक्टरनं ठेवला असेल, जरा विचारता का. ते म्हणाले, कंडक्टर आज सुट्टीवर आहे. मी त्याच्या घरचा पत्ता मागितला. ते वैतागले. मी हात जोडले. माझा आवाज फाटायला लागला होता आणि रांगेतली माणसं बघत होती, तेव्हा मागून बाबांनी माझं मनगट धरलं.

"हारवला नाई तो," ते म्हणाले. "घरी हाये. म्या काढून ठेवला."

मला कळेना. मी म्हटलं, "काढून ठेवला म्हणजे? काऊन?"

स्टँडच्या भिंतीशी आम्ही बसलो. धोतराच्या काठाकडे पाहत बाबा म्हणाले, "आपण बैल इकतो तवा दावं देतो का? नाई देत. बैल जाते, दावं घरी राह्यते. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. दावं गेलं का दावणीची बरकत गेली. माह्या बापानं नाई देलं, म्या नाई देलं. हेडमास्तर म्हणले, असली कागद तिथीच जमा राह्यते. मंग मले वाटलं, असली देला का पोरगी गेलीच. नकलीवर भागन असं वाटलं. दोन कागद हायेत तर एक आपल्यापाशी राहू द्यावा."

"मी काय बैल हाये का बाबा?"

"नाई."

"मंग?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि मोताळ्याच्या गाडीकडे निघाले. मी इतकी संतापले होते की मोताळ्यापर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. साठ मुलांतून नाव लागलं होतं. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो घरच्याच माणसानं मागे ओढला होता. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं हे मला कळत होतं आणि त्यानं राग कमी होत नव्हता, उलट कुठं ठेवावा ते समजत नव्हतं. दिवेलागणीला धामणगावला पोहोचलो.

बाबांनी पाय धुतले, आत गेले, मायच्या ट्रंकेतून दाखला काढला आणि माझ्या हातात दिला. पिशवीत नाही, हातात. म्हणाले, "उद्या दोनी जागी बलावलं हाये. बुलढाण्याले नक्कल चालते. अकोल्याले हा लागते. तू जाशीन तिकडे मी येतो. मी आता काही म्हणत नाई."

माय म्हणाली, "म्हणा ना काहीतरी. पोर लहान हाये."

"म्हणून बसलो एकडाव," बाबा म्हणाले, आणि जेवायला बसले.

इथं मला खरं सांगायला हवं. त्या रात्री मी डगमगले. अकोल्याला चार-पाच वर्षं, एकटी मुलगी, व्हरांड्यातली ती साठ मुलं. आणि उद्या दोनच्या आत पोहोचलो नाही तर अकोलाही गेलं आणि बुलढाणाही. बुलढाणा मात्र हमखास होतं. घाटाची तास-दीड तासाची वाट, मुलाखत बाराला, मुलींसाठीच राखलेल्या जागा. दोन्ही दगडांवर पाय ठेवायची सोय नव्हती.

आता भूगोल सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. धामणगावहून येणारा रस्ता मोताळ्याला मोठ्या रस्त्याला मिळतो. तिथून एका हाताला गाडी राजूरचा घाट चढून बुलढाण्याला जाते, दुसऱ्या हाताला उतरून मलकापूरला. तुम्ही जाल तर पावसाळ्यात घाट नक्की पाहा, धुकं असतं, आणि वर चढण्याआधी मोताळ्यात चहा घ्या. स्टँड तेव्हा म्हणजे पत्र्याची एक शेड आणि एक कडुलिंबाचं झाड. धामणगावच्या पहिल्या गाडीनं आम्ही तिथं सातला उतरलो. मलकापूरची गाडी साडेसातला होती, बुलढाण्याची आठला. मलकापूरहून अकोल्याची पॅसेंजर नऊच्या सुमारास. हिशोब जुळत होता.

साडेसात वाजले. पावणेआठ झाले. मलकापूरची गाडी नाही. चहावाल्यानं सांगितलं, "वरून येते ते गाडी. घाटात दरड आली असन, नाई तं पंक्चर." मी म्हटलं, दरड आली तर बुलढाण्याची गाडी तरी कशी जाईल? तो म्हणाला, "ते पाहून घेतीन."

आठला पाच कमी असताना बुलढाण्याची गाडी आली. अर्धी रिकामी. खिडकीशी जागा दिसत होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "बुलढाणा, बुलढाणा... बाई, बसायचं हाये का? मंग दोन तास गाडी नाई."

मी पदराखाली दाखला धरला होता. बाबा माझ्या डाव्या हाताला उभे होते, पिशवी खांद्याला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते, ज्या बाजूनं मलकापूरची गाडी यायची त्या बाजूला. त्यांनी खुणेनंही काही सांगितलं नाही. मला वाटलं, एवढं तरी म्हणावं, बस म्हणावं नाहीतर नको म्हणावं, म्हणजे पुढं काही झालं तर दोष द्यायला कुणी असेल.

"बसता का?" कंडक्टरनं परत विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यानं घंटी दिली. गाडी वळली आणि घाटाच्या रस्त्याला लागली. मी लिंबाच्या पाराशी खाली बसले. समोरचा रस्ता रिकामा होता. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. पॅसेंजर आता मिळणार नाही हे उघड झालं. मी मनात स्वतःला शिव्या देत होते की शहाणपणा नडला, हमखास सोडलं आणि हाती काही नाही. बाबा उभेच होते.

पावणेनऊला मलकापूरची गाडी आली, चिखलानं माखलेली, खच्चून भरलेली. ड्रायव्हर म्हणाला घाटात झाड पडलं होतं, माणसांनी ओढून काढलं. आम्ही उभ्यानं गेलो. नळगंगेच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मलकापूर स्टेशनवर पॅसेंजर गेलेली होती. तिकीट खिडकीवरच्या बाबूनं सांगितलं, पुढची गाडी अकराला, पण मागून येतानाच उशिरानं चालली आहे. ती बाराला आली. डब्यात मी कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ पाहत बसले, आणि ज्याचं मनगट होतं त्यानं शेवटी हात माझ्याकडे वळवून ठेवला. शेगाव आलं तेव्हा कचोरीवाला आला आणि गेला. आम्ही दोघं सकाळपासून उपाशी होतो आणि भूक म्हणून काही नव्हतीच.

अकोल्याला उतरलो तेव्हा दोनला वीस कमी. टांगा केला. बाबांनी टांगेवाल्याला घोड्याबद्दल एक शब्द विचारला नाही, यावरून समजा. फाटकातून मी पळत गेले आणि बाबा मागून चालत आले. कारकून टेबलाशीच होते, समोर दुसरी यादी उघडून ठेवलेली, आणि टेबलापलीकडे एक मुलगा आपल्या वडिलांबरोबर उभा होता. प्रतीक्षा यादीतला पहिला. त्या मुलाचा चेहरा मला आजही आठवतो. मी दाखला टेबलावर ठेवला. कारकुनांनी घड्याळ पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि यादी मिटली.

"पालकांची सही," ते म्हणाले.

बाबांनी सही केली, एक एक अक्षर दाबून. कारकुनांनी दाखल्याला टाचणी लावली, तो फायलीत घातला आणि फायलीची नाडी बांधली. बाबांनी विचारलं, "हा वापस भेटते काय?"

"पदवी झाली का भेटते, काका."

"हाव," बाबा म्हणाले.

मला आत्याकडे सोडून ते संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले. जाताना म्हणाले, पावसात फिरू नको, आणि पत्र टाकत जा.

नातीला मी सांगितलं की बुलढाण्याची गाडी आधी आली ते बरं झालं. मलकापूरची आधी आली असती तर मी त्यात चढले असते आणि जन्मभर मला वाटलं असतं की बाबांनी नेलं म्हणून गेले. पुढे मी शेतकी खात्यात तीस वर्षं काढली. कुणी ऐकलं, कुणी नाही ऐकलं. ग्रामसेविका झालेल्या माझ्या ओळखीच्या बायकांनी माझ्याहून कमी काम केलं असं मी कधी म्हणणार नाही. मुलामुलींना घेऊन कॉलेज पाहायला निघाल तेव्हा एवढंच करा: मूळ कागद मुलांच्याच हातात द्या, आणि एका दिवसाचं अंतर हाताशी ठेवा.

दिवाळीला मी पहिल्यांदा घरी आले. रस्त्यावरचा चिखल वाळला होता, कापूस फुटला होता. बाबा बाजाराला गेले होते. माय अनारशाचं पीठ मळत होती. मी तिला मोताळ्याची सगळी गोष्ट सांगितली, गाडी कशी सोडली, बाबा कसे काही बोलले नाहीत, मला किती राग आला होता.

माय ऐकत राहिली. मग हात न थांबवता म्हणाली, "त्या दिवशी वापस आले तं जेवले नाई. म्या इचारलं काय झालं. म्हणले, तिथी उभा होतो तवा देवाले एकच मांगून राह्यलो होतो, का पोरगी त्या बुलढाण्याच्या गाडीत बसो."